आजोबांचा हर्निया: ऑपरेशन आत्ता, नंतर, की नकोच?

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे दोनदा-तीनदा आलं होतं ते काढून टाकलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. ऐकायचं असेल तर वर प्लेयर आहेच, वाचायचं असेल तर चला खाली.

आजचा विषय हर्निया. आपल्या ऐकणाऱ्यांमध्ये विशी-तिशीतले जास्त आहेत, त्यामुळे तुम्ही म्हणाल की हा आमचा विषयच नाही. पण घरातल्या मोठ्या माणसाची फाईल कोणाच्या हातात असते? ऑनलाइन अपॉइंटमेंट कोण घेतं? तुम्हीच. आणि बाबा किंवा आजोबा म्हणतात, "या वयात कशाला कापाकापी?" आत्या म्हणते, "लगेच करून टाका." शेजारचे काका पट्टा सुचवतात. या सगळ्यात निर्णय कसा घ्यायचा आणि घेतल्यावर म्हाताऱ्या माणसाला नीट उभं कसं करायचं, ते आज बघू.

हर्निया म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या पोटाची भिंत स्नायूंची आणि चिवट पडद्यांची असते. तिला कुठे कमकुवत जागा पडली, की आतली चरबी किंवा आतडं तिथून बाहेर डोकावतं आणि कातडीखाली फुगवटा दिसतो. जुन्या मराठीत याला 'अंतर्गळ' म्हणतात. गावाकडे 'आतडं उतरलंय' असंही म्हणतात.

सगळ्यात जास्त आढळतो तो जांघेतला हर्निया. पुरुषांमध्ये तिथे मुळातच एक वाट असते, कारण जन्माआधी अंडकोष पोटातून त्याच वाटेने खाली उतरतात. वय वाढलं की स्नायू सैल पडतात. त्यात जुना खोकला, बद्धकोष्ठ, प्रोस्टेटमुळे लघवीला जोर करणं, ओझी उचलणं यांची भर पडते. आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होण्याची शक्यता पुरुषांमध्ये साधारण २७ टक्के, तर बायकांमध्ये ३ टक्के धरली जाते. म्हणजे चार पुरुषांमागे एक! तरीही घरात कोणी बोलत नाही, कारण जागा 'तसली' आहे. कित्येक आजोबा वर्षानुवर्षं धोतराच्या किंवा पायजम्याच्या आत ते लपवून फिरतात. म्हणून पहिलं काम म्हणजे न लाजता, न हसता विचारणं.

लक्षण अगदी साधं आहे. उभं राहिलं, खोकलं की फुगवटा येतो आणि आडवं झालं की आत जातो. जड वाटतं, संध्याकाळी ओढ लागते. मोठ्या माणसांमध्ये हा आपोआप बरा होत नाही. व्यायामाने, लेपाने किंवा गोळीने ते भोक बुजत नाही. पट्ट्याने तात्पुरता आधार मिळतो, आजार तिथेच राहतो. शिवाय अंडकोषाची प्रत्येक सूज हर्निया नसते, पाणी साठूनही (हायड्रोसील) सूज येते. म्हणून आधी सर्जनने हात लावून तपासायला हवं. बऱ्याचदा तेवढ्या तपासणीवर निदान होतं.

आधी धोक्याच्या खुणा

हा भाग स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाका. हर्नियातली भीती फुगवट्याची नसते, आतडं अडकण्याची असते. अडकलं की त्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो आणि मग काही तासांचा प्रश्न असतो.

- नेहमी आत जाणारा फुगवटा आता आत जात नाही, कडक झालाय, हात लावू देत नाही
- उलट्या होतायत
- पोट फुगलंय, वारा सरत नाही, शौचाला होत नाही
- फुगवट्यावरची कातडी लाल किंवा काळपट झालीय
- ताप आलाय, छातीत धडधडतंय

यातलं काही दिसलं तर घरी जोराने दाबून आत ढकलायचं नाही, तेल लावून चोळायचं नाही, वरून पट्टा बांधायचा नाही. खायला-प्यायलाही देऊ नका. सरळ सर्जरीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. महाराष्ट्रात १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स मिळते. "सकाळी बघू" हे या एका बाबतीत चालत नाही.

थांबलं तर चालतं का?

खूप कुटुंबं इथेच अडकतात. याचं चांगलं उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून मिळालं, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. जांघेत हर्निया आहे पण त्रास नाही किंवा अगदी थोडा आहे, असे ७२० पुरुष त्यात होते. निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं. थांबलेल्यांमध्ये आतडं अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनपेक्षाही कमी निघालं. म्हणजे फारसा त्रास नसलेल्या पुरुषाने थांबणं हा बेजबाबदारपणा नाही.

पण याच लोकांचा पुढचा हिशोब २०१३ मध्ये आला. दहा वर्षांत थांबलेल्यांपैकी सुमारे ६८ टक्के जणांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं होतं. ६५ च्या पुढच्यांमध्ये हा आकडा ७९ टक्के होता. मुख्य कारण दुखणं वाढलं हे होतं.

हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. थांबणं सुरक्षित आहे, पण थांबणाऱ्यांपैकी बहुतेकांचं ऑपरेशन टळत नाही, पुढे ढकललं जातं. मग प्रश्न असा होतो: आज ६८ व्या वर्षी शुगर ताब्यात आहे, जिना चढता येतो, तेव्हा करायचं? की ७८ व्या वर्षी, तेव्हा हृदय कसं असेल माहीत नसताना?

आणखी एक आकडा. स्वीडनमध्ये १९९२ ते २००५ या काळातल्या जांघेच्या हर्नियाच्या लाखाहून जास्त ऑपरेशन्सचा हिशोब मांडला गेला. आधी ठरवून केलेल्या ऑपरेशननंतरच्या महिन्याभरात मृत्यूचं प्रमाण इतर जनतेपेक्षा जास्त नव्हतं. तातडीने करावं लागलं तिथे ते सातपट होतं, आणि आतड्याचा तुकडा काढावा लागला तर वीसपट.

म्हणजे "या वयात ऑपरेशन धोक्याचं" हे वाक्य अर्धवट आहे. रात्री दोन वाजता, उलट्या होत असताना, तयारीशिवाय करावं लागलेलं ऑपरेशन धोक्याचं. निवांतपणे ठरवून, तयारी करून केलेलं ऑपरेशन ही वेगळी गोष्ट आहे.

थांबायचं ठरवलंत तर तोही एक निर्णय आहे, आणि त्याला अटी आहेत. धोक्याच्या खुणा घरात सगळ्यांना माहीत हव्यात, जवळचं सर्जरीचं हॉस्पिटल माहीत हवं, आणि फुगवटा वाढला, दुखायला लागलं किंवा आत जाईना झालं तर पुन्हा दाखवायचं. नुसतं विसरून जाण्याला थांबणं म्हणत नाहीत.

आजीची गोष्ट वेगळी आहे

वरचा अभ्यास पुरुषांचा होता, तो आजीला लावू नका. बायकांमध्ये जांघेचा हर्निया कमी आढळतो, पण मांडीच्या अगदी वरच्या टोकाला, अरुंद वाटेतून येणारा 'फीमोरल' हर्निया त्यांच्यात जास्त असतो. तो सुपारीएवढा असूनही अडकतो, आणि लवकर अडकतो. त्यामुळे बायकांच्या जांघेत गाठ आली तर "बघू पुढे" न म्हणता सर्जनला दाखवायचं. इथे सहसा ऑपरेशन लवकर करायचाच सल्ला मिळतो. आपल्याकडच्या आज्या हे लेकीलाही सांगत नाहीत. कारण नसताना उलट्या आणि पोट फुगणं असेल तर डॉक्टरांनी जांघ तपासली का, हे तुम्ही विचारा.

वय किती, यापेक्षा तब्येत कशी

८० वर्षांचे आजोबा रोज तासभर चालत असतील तर ते चांगले उमेदवार असू शकतात. ६५ चे काका चार पावलांत धापा टाकत असतील तर आधी हृदय आणि फुप्फुसं बघावी लागतात. आणि कधीकधी ऑपरेशन न करणं हेच शहाणपणाचं असतं. माणूस फार थकलेला आहे, अंथरुणाला खिळलाय, स्मृतिभ्रंश खूप वाढलाय आणि हर्नियाचा काही त्रास नाही, तर सर्जनही थांबायला सांगतील.

यात एक माणूस विसरू नका, ज्याचं पोट आहे तो. शेतात जाता येत नाही म्हणून आजोबा कुढतायत, की नातवाच्या लग्नापर्यंत काही नको म्हणतायत? त्यांच्याशी समोर बसून बोला. सही त्यांची असते, निर्णयही त्यांचाच असायला हवा.

ऑपरेशन कसं करतात?

१८८७ च्या सुमारास इटलीतल्या एदोआर्दो बासिनी यांनी स्नायू एकमेकांना शिवून भोक बंद करायची पद्धत रूढ केली. शंभर वर्षं तीच चालली. अडचण ही की ताणून शिवलेलं कापड जसं शिवणीवर उसवतं, तसंच इथेही व्हायचं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लिक्टेनस्टाइन यांनी ताण न देता वर जाळी म्हणजे मेश बसवायची पद्धत पुढे आणली. आज जगभर जास्त करून जाळीच वापरतात, कारण हर्निया पुन्हा होण्याचं प्रमाण तिने कमी होतं.

इथे महाराष्ट्राची दोन नावं सांगायलाच हवीत. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीऐवजी रुग्णाच्याच स्नायूच्या पडद्याची पट्टी वापरायची पद्धत २००१ मध्ये मांडली, ती 'देसरडा रिपेअर' म्हणून ओळखली जाते. आणि धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरलं! २००३ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. पुढे युगांडात ३०० हून जास्त पुरुषांवर महाग जाळी आणि मच्छरदाणीची जाळी यांची तुलना झाली. २०१६ मध्ये निकाल आला, वर्षभरानंतर दोन्हींत लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. (घरची मच्छरदाणी नव्हे हां! विशिष्ट धाग्याचं कापड, नीट निर्जंतुक केलेलं.)

ऑपरेशनच्या वाटा दोन. एक, जांघेत छोटा छेद घेऊन. यात नुसती तेवढी जागा बधिर करूनही काम होतं, त्यामुळे हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्या वयस्कर माणसाला हे सोयीचं पडतं. पण सर्जनला तशी सवय हवी. दुसरी, दुर्बिणीतून म्हणजे लॅप्रोस्कोपी. सुरुवातीला दुखणं कमी आणि दोन्ही बाजूंचा हर्निया एकदम करता येतो, पण सहसा पूर्ण भूल द्यावी लागते. आधी प्रोस्टेटचं किंवा ओटीपोटाचं ऑपरेशन झालं असेल तर ही वाट अवघड होऊ शकते. 'लेटेस्ट' कोणतं यापेक्षा आपल्या माणसाला कोणतं आणि या सर्जनचा हात कशात बसलाय, हे महत्त्वाचं.

सर्जनला हे विचारा

फोनच्या नोट्समध्ये लिहून न्या:

१. हा हर्निया कोणत्या प्रकारचा आहे? लगेच करायला हवा की थांबता येईल?
२. भूल कोणती देणार? नुसती जागा बधिर करून होईल का?
३. जाळी लावणार का? तुम्ही अशी ऑपरेशन्स नेहमी करता का?
४. रक्त पातळ करणाऱ्या आणि शुगरच्या गोळ्या कधी थांबवायच्या, कधी सुरू करायच्या?
५. यांच्या तब्येतीत सगळ्यात मोठा धोका कोणता?
६. रात्री काही झालं तर फोन कोणाला करायचा?

आणि एक प्रश्न नक्की: पुढे दुखत राहील का? तीन महिन्यांनंतरही त्रासदायक दुखणं साधारण दहा टक्के लोकांना राहतं आणि काळाबरोबर कमी होत जातं. रोजची कामं अडतील इतकं दुखणं त्याहून कमी जणांना. हे आधी माहीत असलं की नंतर "आम्हाला सांगितलं नाही" असं होत नाही.

आधीचे आठवडे वाया घालवू नका

ठरवून करण्याचा फायदा इथेच आहे. बिडी, तंबाखू, मिश्री काही आठवडे आधी बंद. खोकला, बद्धकोष्ठ आणि लघवीची तक्रार आधी बरी करून घ्या, नाहीतर नव्या शिवणीवर रोज जोर पडणार. शुगर, बीपी आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. रोज जमेल तेवढं चालणं.

सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो काढा, आयुर्वेदिक आणि 'गुडघ्यासाठी' मागवलेल्या पावडरींसकट. स्टेंट असलेल्यांनी रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करायची नाही, हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन दोघांना विचारूनच. शुगरच्या काही गोळ्या मात्र काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, तेही विचारून.

पैशांचं आधी बघा. आरोग्य विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत हर्नियासाठी दोन वर्षं थांबावं लागतं, ती अट वाचा. ७० च्या पुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान 'वय वंदना' कार्ड निघतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. तुम्हाला हवं ते ऑपरेशन त्या हॉस्पिटलमध्ये योजनेत बसतं का, हे ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

घरही तयार करा. जमिनीवरची गादी उचलून पलंगावर, बाथरूममध्ये न घसरणारी चटई, भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची. रात्री वाटेत एक दिवा.

घरी आल्यावर

आपल्याकडे अजून समजूत आहे की हर्नियानंतर तीन महिने पडून राहायचं. उलट! सर्जनने वेगळं सांगितलं नसेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, धरून उभं करायचं आणि चार पावलं चालवायचं. वयस्कर माणसाचे स्नायू पडून राहिल्याने झपाट्याने झिजतात, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, छातीत कफ भरतो. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की झेपेल तसं लवकर रोजच्या व्यवहाराला लागा. पाण्याचा हंडा, गॅसचा सिलिंडर, नातवाला कडेवर घेणं हे मात्र सर्जनने हो म्हणेपर्यंत नाही.

पहिली परीक्षा लघवीची. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना भुलीनंतर लघवी अडकू शकते. घरी आल्यावर सहा-आठ तास झालीच नाही, ओटीपोट तटतटलं, तर वाट बघायची नाही, फोन करायचा.

दुखण्याची गोळी दुखून कळवळल्यावर घेण्यापेक्षा सांगितलेल्या वेळेला द्या. फोनवर अलार्म लावा. दुकानातून मनाने डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नका, मूत्रपिंड, बीपी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी त्यांचं जमत नाही. जास्त ताकदीच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, म्हणून पाणी, फळं, भाज्या आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर पोट साफ व्हायचं औषध. खोकताना जखमेवर छोटी उशी धरायची.

खाण्यात उगाच बंदी नको. भात खाल्ला, डाळ खाल्ली की जखमेत पू होतो असं कोणीतरी सांगणारच. तसं होत नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात. वरण, दूध, दही, अंडी, मासे, घरात जे चालतं ते द्या.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंडकोष सुजून निळा-काळा दिसला की आजोबा घाबरतात. बऱ्याचदा ते खाली उतरलेलं रक्त असतं आणि आपोआप ओसरतं. जखमेखाली कडक दोरीसारखं लागतं, आजूबाजूला बधिर वाटतं, कधी पाणी साठून फुगवटा येतो आणि हर्निया परत आला असं वाटतं. तपासणीच्या दिवशी दाखवा. ताप, जखमेतून पू, भराभर वाढणारी सूज, सतत उलट्या किंवा फुगलेलं पोट असेल तर लगेच फोन. एकाच पोटरीला सूज आली किंवा श्वास लागला तर थेट हॉस्पिटल.

आजोबा रात्री भलतंच बोलायला लागले तर?

याबद्दल कोणी आधी सांगत नाही. ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत वयस्कर माणूस गोंधळू शकतो. आपण कुठे आहोत ते कळत नाही, सलाईन उपटतात, गेलेल्या माणसांना हाका मारतात किंवा अगदी गप्प होतात. हे वेड नाही आणि नाटक नाही, याला डिलिरियम म्हणतात. डॉक्टरांना लगेच सांगायचं, कारण मागे लघवी अडकणं, संसर्ग, सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठ किंवा एखादी गोळी असू शकते.

हे टाळायला तुमची खूप मदत होते. चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी शुद्धीवर आल्याबरोबर परत द्या. ओळखीचं माणूस जवळ ठेवा. दिवसा पडदे उघडे, रात्री अंधार आणि शांतता. आज कोणता वार, आपण कुठे आहोत, हे सहज बोलता बोलता सांगत राहा. वाद घालू नका. बघायला येणाऱ्या पंचवीस पाहुण्यांपेक्षा हात धरून बसलेला एक नातू जास्त कामाचा.

तर मंडळी, घरी कोणाला फुगवटा असेल तर या रविवारी बोला. महिन्याभरात सर्जनला दाखवा. करायचं ठरलं तर तयारी करून करा, थांबायचं ठरलं तर धोक्याच्या खुणा फ्रिजवर चिकटवून थांबा. हा भाग माहितीसाठी आहे, तुमच्या माणसाला तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द याच्या वर.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आजोबांना एक फोन करा!